केवळरामचे अकरा गुंड

माझ्या कानाबद्दल भंडाऱ्याच्या बाजारात कुणालाही विचारा. आता तो मशीनवर चालतो ही गोष्ट वेगळी. पण चाळीस वर्षं या कानानं पितळ पारखलं आहे आणि गळकं म्हणून एकही भांडं गिऱ्हाइकाच्या घरून परत आलेलं नाही. भांडं डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायचं, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडून पेरानं पोटावर एक ठोका मारायचा आणि ऐकायचं. सांधा पक्का असेल तर आवाज लांब जातो, सरळ जातो आणि आपल्या आपण विरतो. कुठे बारीक चीर असेल तर तो थरथरतो आणि मध्येच बसतो. एवढंच शास्त्र आहे. माझ्या वडिलांनी ते मला शिकवलं. मी माझ्या मुलाला, प्रफुल्लला, शिकवायला गेलो तर तो म्हणाला, बाबा, लोक आता स्टील घेतात.

घेतात, मी कुठे नाही म्हणतो? पण लेकीला आंदण द्यायचं म्हटलं की अजून पितळेचा गुंडच लागतो. गुंड म्हणजे आमच्याकडचं पाणी भरायचं मोठ्या पोटाचं भांडं. बाहेरगावचा माणूस हा शब्द ऐकून दचकतो, त्याला आमचा इलाज नाही. आमच्या दुकानाची रीत अशी की गुंड मुलीकडच्यांसमोर ठोकायचा, आणि टिकाराम शेटनं, म्हणजे मी, "चांगला हाय" म्हटल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. सिहोऱ्यापासून पवनीपर्यंतची माणसं त्या दोन शब्दांसाठी येतात. मला त्याचा गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

गुंड घडवतो केवळराम. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा अर्धा झाला, त्याच वर्षी त्याचा बाप गेला आणि तेव्हापासून केवळराम माझ्या एकट्याच्या दुकानासाठी काम करतो. सारा जन्म हातोडी आणि ऐरणीच्या आवाजात गेल्यामुळे त्याचे कान केव्हाच बसले. पितळ ठोकणाऱ्या सगळ्यांचेच बसतात. म्हणून आमची वाटणी ठरलेली होती: घडवायचं त्यानं, ऐकायचं मी. मी "चांगला" म्हटलं की तो मान हलवतो, समोरच्या बाकावर बसून चहा पितो आणि निघतो. इतक्या वर्षांत आम्ही फार बोललो असंही नाही.

तीन वर्षांपूर्वी माझंही ऐकणं कमी झालं. मी ते कबूल केलं नाही. भांडं कानाजवळ नेऊन ठोकायला लागलो, एवढाच काय तो फरक. माझी बायको दुर्गाबाई मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "तुमाले एक गोष्ट सांगाची म्हनजे आधी शेजाऱ्याईले समजते." शेवटी सून रिता मला धरून दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कानाची मशीन बसवणाऱ्या दामिनी मॅडम आहेत. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून कान तपासला, साच्यासाठी त्याचं माप घेतलं आणि महिन्याभरापूर्वी उजव्या कानात मशीन बसवून दिली.

पहिले आठ दिवस मी हवेत होतो. कुकरची शिट्टी, पंख्याची कुरकुर, रिताचं फोनवरचं हळू बोलणं, सगळं आत येऊ लागलं. दुर्गाबाई पुटपुटत काय काय बोलते तेही कळलं, आणि ते न कळलेलं बरं होतं. मी दुकानात सांगत सुटलो की माझा कान पुन्हा तिशीतला झाला.

मशीन बसवल्यापासून भांडं ठोकायची वेळ आली नव्हती, आणि ती आली तेव्हा त्या भरात मी तो सोमवारचा पराक्रम केला.

सिहोऱ्याचे धनीराम आले होते. त्यांच्या गावात अकरा लेकींचं सामूहिक लग्न ठरलं होतं आणि गावातर्फे प्रत्येकीला एक गुंड द्यायचा होता. केवळराम हातगाडीवर अकरा गुंड घेऊन आला. घासून पुसून असे चमकवले होते की त्यात माझी टोपी दिसत होती. दुकानात धनीराम, त्यांच्या गावचे दोघे, आणखी चार गिऱ्हाइकं. मी ऐटीत पहिला गुंड उचलला, कानाजवळ न नेता हातभर दूर धरला आणि ठोका दिला.

आवाज निघाला, थरथरला आणि बसला.

दुसरा ठोकला, तेच. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, तेच. माझं डोकं तापलं. सहावा गुंड मी जरा जोरातच खाली ठेवला आणि पुढचे पाच हातातही घेतले नाहीत.

"ने परत हे सगळे," मी म्हणालो. त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणालो, म्हणजे सगळ्या दुकानानं ऐकलं. "एकबी धड नाई. केवळराम, तुया हात गेला आता."

केवळराम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं. अकराच्या अकरा गुंड पुन्हा गाडीवर चढवले आणि चहा न पिता गेला. धनीराम म्हणाले, "शेटजी, शनवारी येतो. नाई जमलं तं स्टीलचे घेऊन जाऊ, सोमवारी लग्न हाय." मी म्हणालो, या. खोटं भांडं दिलं नाही याचं मला समाधानच वाटत होतं.

बुधवारी संध्याकाळी केवळरामची बायको चंद्रकला आमच्या घरी आली. ती माझ्याशी बोलली नाही, दुर्गाबाईशी बोलली. पण मशीनमुळे मला ओसरीत सगळं ऐकू आलं.

"मोडवाल्याले शुक्रवारी बोलावलं हाय त्याईनं," ती सांगत होती. मोडवाला म्हणजे जुनं पितळ भंगारात घेणारा. "अकराई गुंड देनार, हातोड्याबी देनार, ऐरनबी देनार. म्हनते, टिकाभाऊच्या कानानं सांगतलं, आता कायले ठोकू? दोन दिवस झाले, भट्टी पेटवली नाई."

ती गेल्यावर मी मुद्दाम म्हणालो, "हात गेला तं गेला. मी काय करू? खोटं बोलू?"

दुर्गाबाई उठली. ती स्वयंपाकघरात गेली, पाण्यानं भरलेला स्वतःचा गुंड बादलीत रिकामा केला, पदरानं कोरडा केला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. हा तिच्या आंदणातला गुंड, केवळरामच्या बापानं घडवलेला. शेहेचाळीस वर्षं रोज पाणी भरतो आहे.

"ठोका," ती म्हणाली.

मी ठोकला. आवाज थरथरला आणि बसला.

"फुटला," मी म्हणालो.

"सकाळपासून भरून होता. जा, खाली थेंब दाखवा मले."

मी गेलो. फरशी कोरडी ठणठणीत होती. मग मी कानातली मशीन काढली, गुंड कानाला लावला आणि पुन्हा ठोकला. आवाज फार दुरून आला, पातळ आला, पण सरळ आला. पुन्हा मशीन घालून ठोकला, तर थरथरला. एकाच भांड्याचे दोन साक्षीदार आणि दोघांची साक्ष उलटसुलट. मशीनशिवायचा कान अर्धा बहिरा, त्याच्यावर भरवसा कसा ठेवू? आणि मशीन खोटं बोलत असेल तर सोमवारी मी काय करून बसलो? त्या संध्याकाळी मी जेवलो, पण काय जेवलो ते विचाराल तर सांगता येणार नाही.

गुरुवारी सकाळी रिताच्या स्कुटीवर मागे मी आणि माझ्या मांडीवर गुंड, अशी आमची वरात दवाखान्यात पोचली. बाकावर बसलेल्यांना वाटलं मी भांडी विकायला आलो. एका बाईनं भावसुद्धा विचारला.

दामिनी मॅडम पवनीच्या. वयानं माझ्या रितापेक्षाही लहान, पण कामात पक्क्या. गुंड बघून हसल्या नाहीत. "बसा काकाजी. काय त्रास होऊन राहिला?"

"मशीन मानसाचं खरं सांगते आन् भांड्याचं खोटं," मी म्हणालो.

त्यांनी मशीन काढून घेतली, साफ केली, भिंगातून बघितली, सेल बदलला. मला पुन्हा काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटन दाबायला लावलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कान आधीसारखाच आहे. मशीनमध्ये बिघाड नाही."

"मंग हे ऐका." मी गुंड बोटांवर तोलला आणि ठोकला.

त्या ऐकत राहिल्या. "छान वाजला की. केवढा वेळ वाजला."

"मले नाई वाजला. मले थरथरला."

माझं म्हणणं त्यांनी झटकून टाकलं नाही, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानीन. त्यांनी खणातून एक रबरी नळी काढली. डॉक्टर छाती तपासतात तशी, फक्त खालच्या टोकाला मशीन अडकवायची सोय. माझी मशीन त्या टोकाला लावली, वरची दोन टोकं स्वतःच्या कानात घातली आणि रिताला म्हणाल्या, "ठोका."

रितानं ठोकला. मॅडमच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा." रितानं पुन्हा ठोकला.

"काकाजी," त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. हा गुंड मशीनमधून रडून राहिला."

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. मशीनच्या आतलाच आवाज बाहेर येऊन पुन्हा आत शिरला तर ती शिट्टी मारते. ती शिट्टी मारू नये म्हणून तिच्यात एक राखणदार बसवलेला असतो. कुठलाही एकसुरी, लांब, न तुटणारा आवाज आला की राखणदाराला वाटतं ही आपलीच शिट्टी, आणि तो ती दाबतो. माणसाचं बोलणं वरखाली होतं, तुटतं, त्याला तो हात लावत नाही.

"म्हणजे भांडं जितकं चांगलं," दामिनी मॅडम म्हणाल्या, "तितकं ते मशीनला शिट्टी वाटणार. फुटकं असतं तर मशीननं काहीच केलं नसतं."

चांगल्या पितळेचाच गळा ती दाबत होती. आणि मी तिच्या जिवावर केवळरामला सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुझा हात गेला.

"आता काय कराचं?" रितानं विचारलं.

"करायचं काय, दुकानासाठी वेगळी जोडणी करू." मॅडमनी मशीन वायरनं कॉम्प्युटरला जोडून माझ्या कानात बसवली आणि मला गुंड ठोकायला लावला. त्या पडद्यावर काही कमी करत, काही वाढवत होत्या. पहिल्यांदा मशीननं खरोखरच अशी शिट्टी मारली की मी गुंड सोडणारच होतो. दुसऱ्यांदा आवाज सरळ आला पण चपटा. तिसऱ्यांदा मी म्हणालो, सुरुवात बरोबर, शेवट लवकर संपला. त्या म्हणाल्या, किती लवकर? मी हातानं दाखवलं. मला वाटलं होतं या कंटाळतील, पण बाहेरचे पेशंट ताटकळत असूनही त्या पुन्हा पुन्हा "ठोका काकाजी" म्हणत राहिल्या. खरं सांगतो, आपल्या कामाइतकंच बारीक काम करणारं माणूस भेटलं की मला फार बरं वाटतं.

आठव्या की नवव्या ठोक्याला तो आवाज आला. माझ्या तरुणपणी यायचा तसा. लांब गेला, सरळ गेला, खोलीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आपल्या आपण विरला. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

"हे बटन," मॅडमनी मशीनच्या पाठीवरची बारीक कळ दाखवली. "दाबलं की दोनदा टूं टूं वाजेल. मग भांडं ठोकायचं. पारखून झालं की पुन्हा दाबायचं, म्हणजे रोजची जोडणी. आणि हा गुंड घडवणारे कोण? त्यांचे कान कोणी तपासले का?"

"त्याचे बसले कवाचे."

"बसलेले कानच तपासायचे असतात काकाजी. बुधवारी आणा त्यांना."

स्कुटीवर परत येताना मी मनाशी हिशेब मांडला. सोमवारी सहा गुंड मी ठोकले होते. त्या सहांचं खापर मशीनवर फोडता येत होतं. पण उरलेले पाच मी हातातसुद्धा घेतले नव्हते. ते मशीननं नाकारले नव्हते, माझ्या मिजाशीनं नाकारले होते. दुर्गाबाईला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मले काहून सांगता? ज्याले सांगाचं त्याले सांगा."

शुक्रवारी सकाळी मोडवाल्याच्या आधी मी केवळरामच्या कारखान्यात पोचलो. कारखाना म्हणजे घरामागची टिनाची शेड. भट्टी थंड, हातोड्या पोत्यात बांधलेल्या, अकरा गुंड भिंतीशी रांगेत. केवळराम ऐरणीवरच बसला होता.

मी मोठ्यानं म्हणालो, "केवळराम, मायी चूक झाली. मशीनची जोडणी बरोबर नव्हती. गुंड चांगले हाय."

तो उठला नाही. "राहू द्या भाऊ. चंद्रकला आली होती ना तुमच्याकडं? दया करून चांगलं म्हनू नका. तुमी आतापर्यंत तसं कधी म्हनलं नाई."

आता याला काय सांगायचं? मशीन, राखणदार, शिट्टी हे सगळं त्या बसलेल्या कानात ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता. बटन दाबलं, टूं टूं वाजलं, आणि पहिला गुंड उचलून ठोकला. लांब, सरळ. बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. एकेक करत गेलो. या वेळी एकही सोडायचा नाही असं ठरवलं होतं. सहा झाले, सात झाले, आठ झाले. केवळराम बघत होता, पण त्याच्या तोंडावर काही हललं नाही. त्याला वाटत होतं मी अकराही पास करणार आणि घरी जाणार.

नववा ठोकला आणि माझा हात थांबला. पुन्हा ठोकला. आवाज निघाला, मध्येच बसला. मशीनची भानगड नव्हती ही. आठ गुंड ज्या कानातून सरळ गेले त्याच कानात हा बसला होता.

एक क्षण मला वाटलं, जाऊ दे, आजच्या दिवस म्हणून टाकू चांगला. मग स्वतःचाच राग आला.

"हा नाई चालत," मी म्हणालो. "पोटाचा सांधा कच्चा हाय." आणि तो गुंड वेगळा ठेवला.

केवळराम ऐरणीवरून उठला. माझ्याजवळ आला, तो नववा गुंड उचलला, डावा तळहात त्याच्या पोटाखाली पसरला आणि उजव्या बोटानं ठोका दिला. डोळे मिटून उभा राहिला. मग पहिल्या आठांतला एक उचलून तसाच ठोकला.

"हा मलेबी तसाच वाटला होता भाऊ," तो म्हणाला. "हाताले समजते ना. चांगला असला का तळहात मुंग्या आल्यावानी लई वेळ वाजते. हा चटकन गप होते. मी सोमवारी आनताना म्हनलंच होतं चंद्रकलाले, का टिकाभाऊ दहा ठेवन, एक वापस करन."

"मंग बोलला काहून नाई?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुमी सगळेच वापस केले," केवळराम म्हणाला. "मले वाटलं माया हातच खोटं बोलते."

इतकी वर्षं हा माणूस आपल्या तळहातानं भांडं ऐकत होता आणि मी समजत होतो की दुकानात ऐकणारा मी एकटा. त्याचं खरं असताना त्यानं माझं खरं मानलं. मला इतकी लाज वाटली की मी खाली बसलो आणि उरलेले दोन गुंड बसूनच ठोकले. दोन्ही चांगले निघाले.

मोडवाला आला तेव्हा भट्टी पेटली होती. केवळराम त्याला म्हणाला, "काही नाई आज, जा बाप्पा." नवव्या गुंडाचा सांधा त्यानं सोडवला आणि पुन्हा जोडायला घेतला. मी दुपारपर्यंत तिथेच बसलो, नको तिथे सल्ला दिला आणि दोनदा शिव्या खाल्ल्या.

शनिवारी धनीराम आले. सोमवारचीच दोघं माणसं बरोबर होती, आणखी गिऱ्हाइकंही होती. केवळराम अकरा गुंड उतरवून नेहमीप्रमाणे बाकाकडे जायला लागला. मी त्याचा हात धरून त्याला गल्ल्यापाशी उभा केला. चूक चारचौघांत केली होती, तेव्हा निस्तरायची तीही चारचौघांतच.

"धनीरामभाऊ," मी म्हणालो, "सोमवारी मी याले म्हनलं का तुया हात गेला. ते चुकलं. सहा गुंड मी वाकड्या जोडणीच्या मशीननं ऐकले आन् पाच तं ऐकलेच नाई. हात याचा शाबूत हाय. डोकं मायं गेलं होतं."

दुर्गाबाई आतल्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, म्हणजे पसंत पडलं.

मी बटन दाबलं. एकेक गुंड केवळरामच्या पसरलेल्या तळहातावर ठेवला आणि ठोकत गेलो. दहा झाले. शेवटी तो काल पुन्हा जोडलेला गुंड उरला. मी ठोका दिला. आवाज लांब गेला, सरळ गेला, दुकानाच्या पायरीपर्यंत मला ऐकू आला. धनीराम माझ्या तोंडाकडे बघत होते, त्यांची माणसंही बघत होती. दुकानाची रीतच तशी होती.

मी ते दोन शब्द न उच्चारता केवळरामकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते. तळहातातला आवाज पूर्ण संपेपर्यंत तो थांबला, मग डोळे उघडून धनीरामांना म्हणाला, "चांगला हाय."